विश्लेषण : मोबाइलवरचे खेळ मजेसाठी की बक्षिसासाठी?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आहे. ‘सोशल गेम’ना मात्र मुभा आहे. पण पैसा नसला म्हणजे निखळ मौजच उरते का?

ओढ कशाची?

२००९ मध्ये फेसबुकवर आलेल्या ‘फार्मव्हिल’मध्ये पीक वेळेत कापले नाही तर वाळून जाई. ‘कँडी क्रश’मध्ये पाच ‘लाइफ’ संपल्या की पुढचीसाठी अर्धा तास थांबावे लागते. खेळाडू परत येतो, पण अनेकदा हातचे जाऊ नये म्हणून.

अनिश्चितता का भुलवते?

बक्षीस कितव्या प्रयत्नाला मिळेल हे ठरलेले नसले, की प्राणी अधिक चिकाटीने प्रयत्न करतात, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून दिसले. ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वारातून आत जाणाऱ्यांनाही वाघ दिसेलच असे नसते. ती हुरहुर अनेकांना पुन्हा सफारीला आणते. मात्र चितळाचा कॉल, पगमार्क, पाणवठ्यावरचे पक्षी यांत रमणाऱ्याची फेरी वाघाविनाही वाया जात नाही.

ओळखायचे कसे?

१९७३ मधील लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या अभ्यासात चित्रांची आवड असलेल्या मुलांना बक्षीस कबूल केले गेले. नंतर मोकळ्या वेळेत ती मुले कमी चित्रे काढू लागली. बक्षीस मूळची गोडीही कमी करू शकते. म्हणून नाणी आणि रोजचा बोनस काढून घेतल्यावरही खेळावासा वाटतो का, हे पाहावे. घरातल्या पटावरचा लुडो या कसोटीला उतरतो. कायदा लावलेला पैसा पाहतो. गेलेल्या वेळेचा हिशेब खेळणाऱ्यालाच ठेवावा लागेल.