दारूचे माप आणि नेम

१७८१ साली वाराणसीच्या शिवाला घाटावर राजा चेतसिंगास अटक करण्यास गेलेल्या कंपनीच्या शिपायांपाशी दारूगोळाच नव्हता. ते मारले गेले. दारूवाचून बंदूक व्यर्थ, हे यावरून कळते. परंतु अधिक दारू म्हणजे अचूक नेम, हा समजही तितकाच घातक आहे. ठासणीच्या पिस्तुलात दारू प्रमाणाबाहेर भरल्यास नळी फुटून हात जायचा.

सोरा, गंधक व कोळसा यांची दारू जळताना वायूंबरोबर घनपदार्थही पुष्कळ निर्माण होतात. त्यांचा मळ नळीत साचून पुढील गोळीची गती बदलतो. म्हणून जाणता नेमबाज नळी पुसतो. गोळी, चिंधी व ठासण्याचा जोर कायम राखतो, आणि सुरक्षित मर्यादेत केवळ दारूचे माप बदलून लक्ष्यावरील छिद्रे कधी जवळजवळ पडतात ते पाहतो. बेंजामिन रॉबिन्सने १७४२ च्या आपल्या ग्रंथात गोळीचा वेग लंबकाने मोजण्याची रीत दिली. तिच्या मुळाशीही मोजमापाची हीच शिस्त आहे.

गंगेपलीकडील रामनगर किल्ल्याच्या संग्रहालयात जुनी शस्त्रे आहेत. विद्यार्थ्यांना तेथे केवळ नक्षी दाखवू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगाचा नियमही शिकवावा.