लिनक्सचा फोन खिशात, पण व्यवहाराची दारं बंद : सहा आठवड्यांचा अनुभव काय सांगतो?

गणपत गल्लीत भाजी घेतली. मेथीच्या दोन जुड्या, पाव किलो मिरची, थोडं आलं. साठ रुपये झाले. पाकीट घरी राहिलं होतं, फोन खिशात होता. समोर क्यूआर कोडची पाटी लटकत होती, पण माझ्या फोनमध्ये ती वाचून पैसे पाठवणारं एकही ॲप नव्हतं. मावशी म्हणाल्या, "राहू द्या की, उद्या द्या. पळून जाताय व्हय?" साठ रुपयांची उधारी डोक्यावर घेऊन घरी आलो.

फोन बिघडलेला नव्हता. चांगला चालत होता. फक्त त्यात गुगलचं अँड्रॉइड नव्हतं आणि तो ॲपलचाही नव्हता. जुन्या फोनवर लिनक्सवर आधारलेली एक पर्यायी प्रणाली टाकून सहा आठवडे तोच वापरायचा, असं ठरवलं होतं. प्रणाली कोणती, फोन कोणत्या कंपनीचा, हे मुद्दाम लिहीत नाही. ज्या अडचणी आल्या त्या एकट्या त्या प्रणालीच्या नाहीत. यातलं निम्मं तर जुना अँड्रॉइड वापरणाऱ्या आपल्या गावाकडच्या माणसालाही रोज भोगावं लागतं. म्हणून हा लेख.

हा प्रकार नेमका काय?

अँड्रॉइडचा गाभासुद्धा लिनक्सचाच आहे. पण त्यावर गुगलच्या सेवांचा थर चढवलेला असतो. प्ले स्टोअर, नकाशे, सूचना, फोन "प्रमाणित" आहे की नाही हे ठरवणारी तपासणी, सगळं त्या थरात. पर्यायी प्रणाल्या लिनक्सचा गाभा ठेवतात आणि हा थर काढून टाकतात.

याचा इतिहास जुना आहे. २०११ मध्ये नोकियाने मीगो प्रणालीवरचा एन९ हा फोन आणला, पण त्याच वर्षी कंपनीने आपलं भवितव्य विंडोज फोनशी बांधून टाकलं. मग तिथून बाहेर पडलेल्या मंडळींनी फिनलंडमध्ये योल्ला नावाची कंपनी काढली आणि सेलफिश प्रणाली बनवली. ती आपल्याकडेही येऊन गेली आहे. २०१४ मध्ये योल्लाचा फोन भारतात ऑनलाइन १६,४९९ रुपयांना विकला गेला आणि २०१६ मध्ये इंटेक्सने ५,४९९ रुपयांत ॲक्वा फिश हा सेलफिशवरचा फोन आणला. दोन्ही कधी आले आणि कधी गेले, बहुतेकांना कळलंही नाही.

दुसरी प्रणाली उबुंटू टच. कॅनॉनिकल या मूळ कंपनीने २०१७ मध्ये तिचं काम सोडलं, तेव्हा यूबीपोर्ट्स नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने ते उचललं आणि आजही चालवलं आहे. पोस्टमार्केटओएस हा तिसरा प्रयत्न तर याच हेतूने सुरू झाला, की कंपनीने दोन-तीन वर्षांत वाऱ्यावर सोडलेला फोन दहा वर्षं चालावा.

काय चांगलं चाललं

आधी चांगलं सांगतो. फोन शांत झाला. जाहिराती नाहीत, "तुमच्यासाठी खास" अशा सूचना नाहीत, सुरू करताच कुठल्या खात्यात लॉगिन करा असा आग्रह नाही. ड्रॉवरमध्ये पडलेला, अद्ययावत होणं कधीच थांबलेला फोन परत कामाला लागला. संगणकाला जोडला की फायली सरळ दिसतात.

कॉल आणि एसएमएस चालले. ओटीपी येत होते. ब्राउझर चांगला होता, त्यामुळे ज्याला संकेतस्थळ आहे ते सगळं झालं. रेल्वेचं आरक्षण झालं, डिजिलॉकर उघडलं, बँकेच्या संकेतस्थळावरून भाच्याच्या फीचे पैसे पाठवले. नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप वापरला. त्यात आपल्या गल्लीचं नाव मराठीत नसेल तर आपणच लिहू शकतो. मी दोन गल्ल्यांची नावं घातली. कुणाकडे अर्ज करावा लागला नाही, कुणाची सही लागली नाही.

मराठीचंही तसंच. या प्रणाल्यांमधल्या सूचनांचं भाषांतर स्वयंसेवक करतात. मराठीत काही अर्धवट दिसलं की चीड येते, पण ते पूर्ण करायचा मार्ग उघडा असतो. सीमाभागातल्या माणसाला ही गोष्ट थोडी नवलाचीच वाटेल. आपल्या भाषेतला एक फलक लागावा म्हणून इथे किती निवेदनं द्यावी लागतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

कुठे अडलं

पहिली अडचण कॉलची. जिओचं जाळं सुरुवातीपासून ४जीचं, त्यामुळे त्यावर साधा कॉलही व्होल्टीवरूनच होतो. पर्यायी प्रणाल्यांमध्ये व्होल्टी काही मोजक्याच फोनवर चालतं. ज्या कंपन्यांचं २जी अजून सुरू आहे त्यांचं सिम असेल तर कॉल लागतो, पण बोलणं सुरू असेपर्यंत इंटरनेट बंद. फोन निवडताना माणूस कॅमेरा बघतो. इथे आधी सिम बघावं लागतं.

दुसरी अडचण व्हॉट्सॲपची. या प्रणाल्यांसाठी व्हॉट्सॲपचं स्वतःचं ॲप नाही. मुख्य खातं दुसऱ्या फोनवर ठेवायचं आणि इथे ब्राउझरमधून वापरायचं, ही तडजोड. सूचना वेळेवर येत नाहीत. गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाची बैठक साताऐवजी सहाला ठरली, हे मला साडेसातला कळलं. आता हीही वाट अरुंद होते आहे. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये आदेश काढला. मेसेजिंग ॲप चालू सिमशी बांधलेलं असावं आणि ब्राउझरमधलं सत्र सहा तासांत आपोआप बंद व्हावं, असं त्यात आहे. सायबर फसवणूक रोखायला हे केलं, असं सरकार म्हणतं. हेतू चांगला असेल, पण दर सहा तासांनी दुसरा फोन शोधून कोड स्कॅन करायचा म्हणजे मग हा फोन कशाला?

तिसरी आणि खरी अडचण पैशाची. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात एका महिन्यात यूपीआयचे २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. खडेबाजारातल्या चहाच्या गाड्यापासून खानापूरच्या आठवडी बाजारापर्यंत सगळीकडे तोच क्यूआर कोड. लिनक्स फोनवर अँड्रॉइडची ॲप चालवायची सोय आहे. वेड्रॉइड नावाचा एक प्रकार फोनच्या आत जणू दुसरा अँड्रॉइड उघडून देतो. त्यात वर्तमानपत्रांची ॲप चालली, पंचांग चाललं. बँकेचं ॲप उघडलं आणि लगेच संदेश आला : हे उपकरण सुरक्षित नाही. पुढे पडदा कोरा.

शाखेत जाऊन विचारलं. काउंटरवरचा मुलगा सज्जन होता. त्याने फोन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "काय ओ सर, आठ हजारात नवीन अँड्रॉइड मिळतोय की. कशाला त्रास करून घेता?" त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. त्याच्याकडे दुसरं उत्तरच नव्हतं.

*९९# ही सोय आहे, १२३पे आहे. साध्या फोनवरून यूपीआय करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये १२३पे आणलं. पण *९९# मध्ये क्यूआर स्कॅन होत नाही. समोरच्याचा मोबाइल नंबर विचारायचा, एकेक आकडा दाबत जायचं. मागे चार माणसं उभी असताना भाजीवाल्या मावशींना नंबर सांगत बसायला वेळ नसतो.

बँकेची बाजू

बँकेचंही म्हणणं ऐकायला हवं. फोनच्या प्रणालीत छेडछाड करून पैसे लुटणारे आहेत. कुणाचं खातं रिकामं झालं की जाब बँकेला विचारला जातो. म्हणून बँकेचं ॲप फोनला आधी विचारतं, तू खरा आहेस ना? अडचण अशी, की या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा गुगलच्या तपासणीवरून ठरतं. गुगलने प्रमाणित केलेला फोन म्हणजे सुरक्षित, बाकीचे संशयित. यात विसंगती अशी, की चार वर्षं सुरक्षा दुरुस्ती न मिळालेला प्रमाणित फोन या गाळणीतून सहज पुढे जाऊ शकतो आणि गेल्या आठवड्यात अद्ययावत झालेला लिनक्स फोन बाहेर राहतो.

यूपीआयसाठी गुगल किंवा ॲपल अनिवार्य आहे, असंही नाही. २०२३ मध्ये आलेल्या ९९९ रुपयांच्या जिओभारत फोनवर यूपीआय चालतं. त्याआधी २०१७ मध्ये आलेला जिओफोन कायओएसवर चालायचा. तीही लिनक्सच्या गाभ्यावरचीच पर्यायी प्रणाली. आपल्या घराघरांत आजी-आजोबांच्या हातात लिनक्स फोन होता आणि कुणाला नावही माहीत नव्हतं. त्यावर व्हॉट्सॲप सुरुवातीला नव्हतं, २०१८ मध्ये आलं. कोट्यवधी ग्राहक असलेली मोठी कंपनी पाठीशी असली की दार उघडतं. स्वयंसेवकांनी दार वाजवलं की आतून आवाज येत नाही.

बाजारातली ही मक्तेदारी नियामकांच्या नजरेतून सुटलेली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अँड्रॉइडच्या वेगळ्या आवृत्त्या वापरण्यापासून फोन कंपन्यांना रोखणाऱ्या अटींवर आयोगाने बोट ठेवलं होतं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाचे काही निर्देश रद्द केले. २०२३ च्याच जानेवारीत मद्रास आयआयटीशी जोडलेल्या संस्थेने भारओएस आणली, स्वदेशी म्हणून बराच गाजावाजा झाला. तिचा पायाही अँड्रॉइडच्या खुल्या आवृत्तीचाच. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलं की ओळख नोंदवलेल्या विकासकांचीच ॲप प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसवता येतील. २०२६ मध्ये चार देशांपासून सुरुवात आणि नंतर इतरत्र. टीका झाल्यावर जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू असंही सांगितलं. वाट ठेवायची की नाही हे ठरवणारा मात्र एकच.

सीमाभागाला हे का कळावं

घटनेच्या ३५० ब कलमाप्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त आहेत. जिथे एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेत मिळाव्यात, असं संरक्षण योजनेत आहे. कागदावर हक्क आहे. काउंटरवर गेल्यावर काय होतं ते बेळगाव, खानापूर, निपाणीच्या वाचकाला सांगायला नको.

भाषा आणि फोन यांची तुलना ओढूनताणून करायची नाही. भाषा जन्माने मिळते, फोन निवडता येतो. लिनक्स फोनवाले १५ टक्के सोडा, शंभरात एकही नसतील. पण सेवा नाकारण्याची रीत ओळखीची वाटते. नाही असं कुणीच म्हणत नाही. फक्त दार एकाच मापाचं ठेवतात. जो मावतो तो आत.

आणि यात शौक म्हणून फोन बदलणारा मी एकटा नाही. चंदगडचा शेतकरी पिकाची नोंद महाराष्ट्राच्या ई-पीक पाहणी ॲपवर करतो, खानापूरचा कर्नाटकच्या पीक समीक्षेच्या ॲपवर. त्याचा फोन सात वर्षांचा असेल, ॲपची नवी आवृत्ती त्यावर चालत नसेल, तर तोही माझ्याच रांगेत येतो. फरक एवढाच की माझ्याकडे घरी दुसरा फोन आहे. उलट उदाहरणही जवळच आहे. कर्नाटकात गृहलक्ष्मीचे अर्ज ग्राम वन, कर्नाटक वनच्या काउंटरवर घेतले गेले. रांगा लागल्या, सर्व्हर बंद पडल्याच्या तक्रारी झाल्या, पण हातात कोणता फोन आहे हे कुणी विचारलं नाही.

काय करता येईल

मागणी फार मोठी नाही. सरकारी योजना किंवा नोंदणी केवळ ॲपमधून नको. तेच काम संकेतस्थळावर आणि एका काउंटरवरही व्हायला हवं. बँकांनी सुरक्षेची खात्री एकाच परदेशी कंपनीच्या शिक्क्यावर सोडू नये. साध्या फोनसाठी यूपीआयची वेगळी पद्धत करता आली, तर खुल्या प्रणालीसाठीही मर्यादित रकमेची सोय करता येईल. १२३पेची मर्यादा ५,००० वरून १०,००० रुपये केलीच ना? भाजीबाजाराला दोन हजारांचीही पुरे.

दबावाने काही होत नाही, असंही नाही. संचार साथी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच टाकून द्या, हा दूरसंचार विभागाचा आदेश डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात लोकांच्या विरोधानंतर मागे घ्यावा लागला. खिशातल्या फोनमध्ये काय असावं हा प्रश्न लोकांना आपला वाटला, म्हणून ते झालं.

सहा आठवडे संपले. कुणी विचारेल, मी हा फोन घेऊ का? एकच फोन असेल तर आज तरी घेऊ नका. घरात जुना पडलेला असेल तर जरूर करून बघा. मी सिम परत जुन्या अँड्रॉइडमध्ये घातलं. लिनक्सचा फोन टेबलावर आहे. वाचायला, लिहायला तोच वापरतो, हा लेखही त्यावरच लिहिला. मावशींचे साठ रुपये दुसऱ्याच दिवशी रोख दिले. त्यांनी सुटे मोजता मोजता विचारलं, "झाला का फोन दुरुस्त?" काय सांगणार? झाला म्हटलं.