मथळ्याने नाव लपवू नये : भारतीय प्रेस परिषदेच्या अध्यक्षांस खुले पत्र

मा. अध्यक्ष,
भारतीय प्रेस परिषद, नवी दिल्ली यांस,



आपल्या परिषदेने वृत्तपत्रांसाठी जी आचारसंहिता सिद्ध केली आहे, तीत मथळे सनसनाटी वा प्रक्षोभक नसावेत आणि खालच्या मजकुराने त्यांचे समर्थन व्हावे, असा दंडक घातलेला आहे. हा दंडक सर्वथा योग्य आहे. परंतु मथळ्याचा दोष म्हणजे अतिशयोक्ती किंवा असत्य, असे मानून तो घातलेला दिसतो. आज मराठी वृत्तपत्रसृष्टीत जो दोष बळावला आहे त्यात असत्याचा लवलेशही नसतो, आणि म्हणूनच तो आपल्या कलमांच्या कक्षेतून सुखरूप निसटतो. त्याची कैफियत आपल्यापुढे मांडावी व त्यावर एक तजवीज सुचवावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

'या' जिल्ह्यांत उद्या अतिवृष्टीचा इशारा. 'या' बाजार समितीत कांद्याला विक्रमी भाव. 'या' महिलांना योजनेचा हप्ता मिळणार नाही : ह्या धाटणीचे मथळे कोणत्याही मराठी वाचकास आता अपरिचित राहिलेले नाहीत. जिल्हे कोणते, बाजार समिती लासलगावची की सोलापूरची, आणि हप्त्यास मुकणाऱ्या महिला नेमक्या कोणत्या, हे बातमी लिहिणाऱ्यास ठाऊक असते, मथळा देणाऱ्या उपसंपादकास ठाऊक असते, आणि तरीही जे सांगण्यासाठी बातमी लिहिली गेली तेवढेच नेमके अवतरणचिन्हांच्या पडद्याआड ठेवून, कोपराला गूळ लावलेल्या वाचकाला शेवटच्या परिच्छेदापर्यंत चालवीत नेले जाते. हा खेळ एखाद्या नटीच्या विवाहापुरता असता तर त्याबद्दल आपणांस तसदी दिली नसती. परंतु उजनीतून पाणी सोडल्याची वार्ता भीमाकाठच्या शेतकऱ्यास हवी असते ती नदीवरची मोटार वेळेत वर काढता यावी म्हणून. जी स्त्री महिन्याचा किराणा हप्त्याच्या भरवशावर भरते, तिला 'या' महिलांत आपण आहोत की नाही हे कळेपर्यंतचा काळ मनोरंजनाचा नसतो. ज्या बातमीवर माणसाला काही करावयाचे असते, त्या बातमीतील नाव दडवून ठेवणे ही निव्वळ लेखनशैलीची बाब राहत नाही.

ह्या रीतीचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. छापील अंक हाती घेणाऱ्याने त्याची किंमत आधीच चुकती केलेली असते, त्यामुळे मथळ्याचे काम त्याला त्याच्या उपयोगाच्या बातमीपाशी नेऊन सोडणे एवढेच उरते. मोबाईलच्या पडद्यावर मात्र बातमी किती जणांनी उघडली ह्याची क्षणोक्षणी गणती होते, जाहिरातीचे उत्पन्न त्या गणतीशी निगडित असते, आणि ज्याला मथळ्यातच हवे ते मिळाले तो वाचक बातमी न उघडता पुढे जातो, म्हणजे हिशेबाच्या वहीत तो तोट्याच्या बाजूस जमा होतो. उत्तम मथळा देणाऱ्यास शिक्षा आणि अर्धवट मथळा देणाऱ्यास बक्षीस, अशी ही उफराटी व्यवस्था आहे. आणि एकच हात दोन्हीकडचे मथळे लिहू लागला की पडद्यावरचे वळण कागदावर उतरण्यास विलंब लागत नाही.

आकर्षक मथळ्यालाच माझा विरोध आहे, असा मात्र कोणाचा समज होऊ नये. 1897 साली, पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या खुनानंतर त्या शहरावर सरकारचा रोष कोसळला असता, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' असा सवाल 'केसरी'ने अग्रलेखाच्या शिरोभागीच केला. प्रश्न कोणास आहे आणि लेखकाच्या मनात त्याचे उत्तर काय आहे, हे समजण्यासाठी अग्रलेखाची एक ओळही वाचण्याची आवश्यकता नव्हती. असे असता तो वाचावासा वाटावा, ह्याचे कारण असे की, इतके बोलण्याचे धैर्य ज्याने केले तो आता त्याचे समर्थन कोणत्या पुराव्याने करतो, ही उत्कंठा त्या मथळ्यानेच उत्पन्न केली होती. 9 जून 1908 रोजीच्या 'हे उपाय टिकाऊ नाहीत' ह्या मथळ्यात तर संपूर्ण निकालच देऊन टाकलेला आहे. आणि ज्या लेखांवरून 'केसरी'चे संपादक टिळक यांच्यावर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना सहा वर्षे मंडालेस काढावी लागली, त्यांपैकी हा एक होय. ह्या मथळ्यातही दर्शक सर्वनामच नाही काय, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु स्फोटक द्रव्यांविषयी एक आणि वृत्तपत्रांविषयी एक, असे दोन कायदे सरकारने त्याच आठवड्यात संमत केले होते, आणि उपाय कोणते हे 'केसरी'च्या वाचकास कोणाला विचारावे लागणार नव्हते. पुढे 1956 साली संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या ऐन भरात आचार्य अत्र्यांनी 'मराठा' काढला, तेव्हा त्यांच्या भाषेच्या भडकपणाविषयी अनेकांनी नाके मुरडली असतील, परंतु तोफ कोणाच्या दिशेने डागली आहे ह्याचा संभ्रम त्यांच्या शत्रूलाही कधी पडला नसेल. उत्कंठा सांगून वाढविता येते. तिच्यासाठी लपवावे लागते असे नाही, हे ह्या परंपरेने सिद्ध केले आहे.

शिवाय, खिळे जुळवून पान लावण्याच्या काळात एका स्तंभाच्या रुंदीत मोठ्या टंकाचे दोन-तीनच शब्द मावत, आणि मथळा 'बसत' नाही म्हणून उपसंपादक रात्री-बेरात्री काना-मात्रांचा हिशेब करीत बसे. त्या कोंडमाऱ्यात विशेषण गळे, क्रियापद गळे, पण गावाचे नाव सहसा गळत नसे, कारण गावाचे नाव हीच बातमी होती. आज जागेची अडचण उरलेली नाही, मथळे दोन-दोन ओळी लांबतात, त्यांत 'मोठी बातमी' हे शब्दही ऐसपैस मावतात, आणि नावाला तेवढा ठाव मिळत नाही!

वाचकाला खिळवून ठेवण्याच्या कलेचेही तसेच आहे. चांगला अग्रलेखकार पहिल्याच परिच्छेदात वादाचा मुद्दा निश्चित करतो, प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या बलिष्ठ स्वरूपात मांडतो, आणि मग एकेक दाखला देत असा पुढे सरकतो की, प्रत्येक परिच्छेदाच्या अखेरीस वाचकाच्या मनात उठणाऱ्या शंकेस पुढच्या परिच्छेदात जबाब मिळावा. उलट ह्या नव्या बातमीत मथळ्याचेच वाक्य उपमथळ्यात, तेच पहिल्या ओळीत, आणि किंचित फिरवून तिसऱ्या परिच्छेदात येते. मध्ये पूर्वपीठिकेची भर पडते, आणि इच्छित नाव सर्वांत तळाशी सापडते. असा अनुभव वारंवार आलेला वाचक पुढे बातमी वाचणेच सोडतो, केवळ मथळ्यांवरून मते बनवितो, आणि त्याला धरून ठेवण्यासाठी योजलेली युक्तीच त्याला वृत्तपत्रापासून दूर नेते.

अध्यक्ष महोदय, आपल्या परिषदेस दंड करण्याचा अधिकार नाही, हे मी जाणतो. 1978 च्या कायद्याच्या 14 व्या कलमाने तिला ताकीद देण्याचा व निर्भर्त्सना करण्याचा अधिकार दिला आहे. परंतु त्याच कायद्याच्या 13 व्या कलमाने पत्रकारांसाठी आचारसंहिता घडविण्याचे कार्यही तिच्यावर सोपविले आहे, आणि माझी दरखास्त त्या कार्यासंबंधीच आहे. मथळ्याविषयीच्या दंडकास एवढी पुरवणी जोडावी की, हवामानाचा इशारा, धरणांतील विसर्ग, रोगाची साथ, परीक्षा, बाजारभाव आणि सरकारी योजना ह्यांविषयीच्या बातम्यांत स्थळ, दिनांक किंवा ज्यांना ती लागू आहे त्यांचा उल्लेख मथळ्यात वा निदान पहिल्या वाक्यात असलाच पाहिजे. आणि तो हेतुपुरस्सर दडविल्याची तक्रार वाचकाने केल्यास, ती असत्य बातमीच्या तक्रारीइतकीच दखलपात्र मानावी. परिषदेचा अंमल वृत्तपत्रांवर व वृत्तसंस्थांवर चालतो, मोबाईलवरच्या सगळ्याच बातम्यांवर नाही, असे उत्तर मिळण्याचा संभव आहे. तूर्त तेवढ्यांनाच हा दंडक लागू व्हावा. ज्या संपादकवर्गाने छापील अंकात नाव देण्याची शिस्त पाळली, त्याला तीच बातमी पडद्यावर देताना ते लपविण्याचे समर्थन कोणत्या तोंडाने करता येईल?



आपला,
मराठी वृत्तपत्रांचा एक नित्य वाचक