पक्षी पाहायला या, पाणीही पाहून जा

आमच्या सायखेड्याच्या पुलावरून खाली पाहिलं तर वर्षातले कितीतरी दिवस गोदावरी दिसतच नाही. या काठापासून त्या काठापर्यंत नुसती पाणवेल. जांभळी फुलं आली की पुलावर गाडी उभी करून फोटो काढणारेही भेटतात. हे पीक कुणी पेरलेलं नाही, पण खत मात्र त्याला रोज पडतं आणि तेही फुकट. माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. नत्र आणि स्फुरद पाण्यात विरघळून मुळाशी गेलं की पाला कसा फोफावतो, हे गिऱ्हाइकाला समजावण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे नदीत हे खत टाकतं कोण, हा प्रश्न मला पक्षीमित्रांच्या आधी पडला.

पक्षीमित्र म्हणजे हिवाळ्यात रविवारी भल्या पहाटे नाशिकहून आमच्या गावावरून पुढे जाणारी मंडळी. करंजगाव, म्हाळसाकोरे, मांजरगाव करत नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यातलं चापडगाव गाठायचं, पक्षी पाहायच्या मनोऱ्यावर चढायचं, उन्हं तापायच्या आत भरपूर फोटो काढायचे आणि परतीच्या वाटेवर मिसळ खायची. यात माझी तक्रार काहीच नाही. हल्ली मीही त्यांच्यातलाच. नातीनं नाद लावला. शाळेची सहल नांदूर मधमेश्वरला जाऊन आली आणि तिनं जेवताना विचारलं, "आबा, वारकरी बुडी मारून काय खातो हो?" काळाकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा लावलेला हा पाणपक्षी मी लहानपणापासून पाहत आलोय. तो खातो काय, याची चौकशी मात्र कधी केली नव्हती. पाण्याखालचं शेवाळ आणि पाणवनस्पती हे त्याचं मुख्य अन्न, असं तिथल्या गाइड पोरानं नंतर सांगितलं. त्या उत्तरातच या लेखाचा सगळा विषय आहे.

कारण पाण्याखाली वनस्पती उगवायची तर तिथवर ऊन पोचलं पाहिजे. वर पाणवेलीचं छप्पर घातलं की ऊन बंद. पाण्यातला प्राणवायू घटतो, मासळीची वाढ खुंटते. थापट्या बदक आपली फावड्यासारखी चोच पाण्याच्या पृष्ठभागावर फिरवून बारीक जीव गाळून घेतं, त्याला मोकळं पाणी हवं. चमच्या गुडघाभर पाण्यात चालत अर्धी उघडी चोच डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत राहतो. चोचीला काही लागलं की झटकन मिटतो. डोळ्यांपेक्षा स्पर्शावर जगणारा हा पक्षी वेलीच्या गुंत्यात चोच कशी फिरवणार?

सगळ्यांनाच ती वेल नकोशी आहे, असंही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. जांभळी पाणकोंबडी तिच्यावर चैन करते. खाणगाव थडीच्या बाजूला एकदा ती अगदी जवळून पाहायला मिळाली. लाल चोच, लाल पाय, अंगावर निळ्या-जांभळ्याची झळाळी. तिनं एक दांडा उपटला, पोपट पेरू धरतो तसा एका पायाच्या लांब बोटांत धरला आणि चोचीनं सोलून आतला पांढरा गाभा खाल्ला. उरलेला टाकून दिला आणि दुसरा उपटला. कमळपक्षीही वेलीच्या पानांवरून आरामात चालतो. पण अख्खा जलाशय दोन-चार जातींच्या सोयीनं भरून गेला तर बाकीच्यांनी जायचं कुठं?

थोडं मागं जाऊ. नांदूर मधमेश्वर हे काही रानातलं जन्मजात तळं नव्हे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिशांच्या काळात बंधारा झाला. तो कालव्यांसाठी, खाली कोपरगावच्या बाजूच्या शेतीसाठी. पक्ष्यांचा विचार त्या साहेबांच्या स्वप्नातही नसेल. पुढं वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, मधे मधे बेटं तयार झाली, गवत-पाणकणीस माजलं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबी हे नुकसान, पण उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडून येणाऱ्या बदकांना आणि पाणथळीतल्या पक्ष्यांना नेमकं हेच हवं होतं. ऐंशीच्या दशकात डॉ. सलीम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांसाठी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत महाराष्ट्रातलं पहिलं नाव २०१९ मध्ये लागलं, ते नांदूर मधमेश्वरचं. लोणार आणि ठाण्याची खाडी नंतर आली.

आता याची दुसरी बाजू. ज्या गाळावर पक्षी पोसले, त्याच गाळाच्या नावानं चांदोरी-सायखेड्याची माणसं बोटं मोडतात. पाण्याला पुढं सरकायला जागा नाही, फुगवटा मागं येतो. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षी ऑगस्टमध्ये गोदावरी आमच्या बाजारपेठेत शिरली. ओल्या युरियाच्या गोण्या दगडासारख्या घट्ट होतात, बियाण्याला पिशवीतच मोड येतो. त्याचा वास ज्यानं घेतलाय त्याला 'पाणथळ जागेचं महत्त्व' ऐकवायला जाऊ नये, निदान त्या आठवड्यात तरी. आणि पुरात पुलाच्या खांबांना येऊन अडकते ती हीच पाणवेल. तिचा ढिगारा झाला की पुलाचाच बांध होतो.

म्हणून पक्षी मोठे की माणूस, असा वाद आमच्याकडे चहाच्या टपरीवर अधूनमधून रंगतो. मला तो वादच खोटा वाटतो. गाळाबद्दल मतभेद राहतील. माझं मत विचाराल तर पुलाखालचा आणि गावालगतच्या पात्रातला गाळ काढावा, चापडगावच्या उथळ पाण्याला हात लावू नये. ते पटणार नाही असे लोक दोन्ही बाजूंना आहेत. पण पाणवेलीबद्दल मतभेद व्हायचं कारणच नाही. दुकानात पाणी शिरू नये असं वाटणारा व्यापारी आणि थापट्या बदकाचा फोटो हवा असणारा डॉक्टर, दोघांचं दुखणं एक आहे.

आणि त्या दुखण्याचं मूळ वरच्या अंगाला आहे. २०११ च्या जनगणनेतच नाशिक शहर १४ लाखांच्या पुढं गेलं होतं. आता किती फुगलंय ते गंगापूर रोडवर संध्याकाळी गाडी चालवणाऱ्याला विचारा. या माणसांचं न्हाणी-मोरीचं, संडासाचं, साबणाचं पाणी नासर्डी, वाघाडी अशा नाल्यांतून आणि मलनिस्सारण केंद्रांमधून शेवटी गोदावरीतच येतं. तपोवन, आगरटाकळी, पंचक, चेहेडी इथं केंद्रं आहेत, हे खरं. पण नेहमीच्या पद्धतीच्या केंद्राचं मुख्य काम घाण कुजवून तिचा जोर कमी करणं. विरघळलेलं नत्र आणि स्फुरद त्यातून बऱ्याच प्रमाणात तसंच पुढं जातं. ते काढायचं तर वेगळी प्रक्रिया आणि वेगळा खर्च लागतो. म्हणजे पाणी डोळ्याला बरं दिसलं तरी माझ्या भाषेत ते पातळ खतच. आणि न शुद्ध होता जे येतं, ते तर विचारूच नका. गोदावरीच्या प्रदूषणाबद्दल २०१२ मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. तरीही पुलाखाली हिरवंच आहे.

पाणवेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिची फुलं आवडली म्हणून कुणी तरी बंगालमध्ये आणली, असं सांगतात. पाण्यात भरपूर खत असलं की दोन आठवड्यांत तिचा पसारा दुप्पट होतो. तिचं बी चिखलात वीस वर्षं जिवंत राहू शकतं. यंत्र लावून वेल काढता येते, काढतातही. पण काठावर टाकलेली वेल पहिल्या पुरात पुन्हा नदीत येते आणि खाली वाहत आमच्याकडे. खताचा पुरवठा चालू ठेवून तण काढत बसणाऱ्या शेतकऱ्याला आम्ही दुकानात काय म्हणतो, ते छापता येणार नाही.

आमचा वाटा नाही, असं नाही. निफाडच्या द्राक्षबागांना ठिबकमधून विद्राव्य खतं जातात, उसाला पाटपाण्याबरोबर युरिया जातो, त्यातलं काही पाझरून, काही पावसानं वाहून नदीला मिळतं. माती तपासून खत घ्या, असं मी सांगतो. शेजाऱ्यानं दोन गोण्या टाकल्या म्हणून आपणही दोन टाकायच्या, असं ऐकणारा ऐकतो. खतविक्रेत्यानं हे लिहिणं धंद्याला मारक आहे, याची कल्पना आहे. पण शेतातून येणारं पाणी पावसाळी; शहराचं बारमाही. उन्हाळ्यात आवर्तन बंद असलं, नदीत वरून ताजं पाणी आलं नाही, तरीही वेल फोफावतच असते. ती कशावर?

२०२७ च्या सिंहस्थाची तयारी जोरात आहे. रस्ते, घाट, पूल, नवी शुद्धीकरण केंद्रं यांच्या बातम्या रोज वाचतो. रामकुंडातलं पाणी स्वच्छ हवं, याबद्दल साधूंपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांचं एकमत. चांगलंच आहे. पण रामकुंड आमच्या वरच्या अंगाला, गंगापूर धरणातून पाणी सोडलं की कुंड दोन दिवसांत निवळतं. त्याच्या खाली तपोवन, दसक-पंचक, मग आम्ही, आणि साधारण चाळीस किलोमीटरवर पक्षी. रामकुंडाशी मोजलेली स्वच्छता आमच्यापर्यंत येईपर्यंत विरून जाते.

गंमत म्हणजे पक्ष्यांशी नाशिकइतकं नातं सांगणारं गाव दुसरं नसेल. रामकुंडावर दशक्रियेला आलेली माणसं पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहत उभी असतात. कावळा शिवेना की गेलेल्याची राहिलेली इच्छा काय, यावर कुजबुज सुरू होते आणि कुणी तरी पुढं होऊन मुलीच्या लग्नाचा शब्द देतं. पंचवटीतून सीतेला नेलं म्हणतात आणि तिच्यासाठी लढलेल्या जटायूनं जिथं प्राण सोडला, ते टाकेद आमच्याच जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यात आहे. तिथं त्याचं मंदिर आहे. इकडे खरी गिधाडं अंजनेरीसारख्या कड्यांवर कशीबशी तग धरून आहेत. जनावरांच्या डायक्लोफेनॅक औषधानं देशभरातली गिधाडं संपत आली, तेव्हा २००६ मध्ये त्या औषधावर बंदी आली. कथेतल्या पक्ष्याला देऊळ आणि रानातल्या पक्ष्याला औषधाची बाटली, असा आपला व्यवहार. पाणपक्ष्यांच्या बाबतीत तो वेगळा नाही.

आता मागणी. चार माणसांत बोलून झाल्यावर लिहितोय.

शाळांच्या सहली नांदूर मधमेश्वरला येतात, त्या तशाच याव्यात. फक्त बसनं सरळ चापडगाव गाठू नये. पहिला थांबा तपोवनाच्या मलनिस्सारण केंद्रात. नाक दाबून का होईना, पोरांनी आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी बाटल्यांमध्ये भरून घ्यावं. दुसरा थांबा आमचा पूल. तिसरा मनोरा. मग गाइडनं दुर्बिणीतून चमच्या दाखवला की तो त्या पाण्यात चोच का फिरवतोय, हे वेगळं सांगावं लागणार नाही. खाणगाव थडी, चापडगावचे हे गाइड बहुतेक आसपासच्या गावांतलेच तरुण आहेत. कुठल्या बेटावर काय बसतं आणि दलदलीवरचा भोवत्या घिरट्या घालायला लागला की वारकऱ्यांचा थवा कसा एकमेकांना चिकटून गोळा होतो, हे त्यांना पाठ आहे. पाणी वाढलं की कुठले पक्षी निघून जातात, हेही त्यांनाच आधी कळतं. बंधाऱ्यातली पातळी ठरवताना त्यांना कुणी विचारत नाही. आवर्तनाचं वेळापत्रक पाटबंधाऱ्याचं, पक्षी वनखात्याचे, सांडपाणी शहराचं. तिघांची एक बैठक दर हिवाळ्याआधी व्हावी आणि तिथं या पोरांपैकी दोघांना खुर्ची मिळावी.

दुसरं, दूध संकलनावर फॅट लागते तशी पाण्याची मोजणी लोकांसमोर व्हावी. आम्ही गवळ्याच्या शब्दावर दूध घेत नाही. यंत्रात आकडा येतो आणि फळ्यावर लागतो. तसंच तपोवनाच्या खाली, सायखेड्याला आणि चापडगावला दर आठवड्याला पाण्यातला प्राणवायू, नत्र, स्फुरद मोजावं आणि आकडे मोठ्या मराठी अक्षरांत फळ्यावर लिहावेत. तीन ठिकाणचे तीन आकडे शेजारी शेजारी असले की कुणाच्या वाट्याला किती दोष, याचा वाद निम्मा मिटेल. आमच्या उसाचा वाटाही त्यात दिसेल, दिसू दे. मोजणी कोणत्या खात्यानं करायची आणि खर्च कुणाच्या डोक्यावर, हे ठरवायला सिंहस्थाइतकी चांगली वेळ पुन्हा बारा वर्षांनी येईल. सायखेड्याच्या फळ्यासाठी भिंत शोधत बसू नका. माझ्या दुकानाची रस्त्याकडची भिंत मोकळी आहे, रंग मी देईन.