पाठ पाहावी, मग मोल करावे

हल्ली घरी पाहुणा आला, की मुले त्याच्यापुढे श्लोक म्हणत नाहीत, पेटीवर एखादी गतही वाजवून दाखवत नाहीत. दप्तराच्या तळातून कार्डांची एक चळत काढून त्याच्या मांडीवर ठेवतात. पिवळा उंदीर, ज्वाला ओकणारा नारिंगी ड्रॅगन, पाठीवर कळी घेऊन चालणारा बेडूक असे या कार्डांवरचे प्राणी. आजोबांना यातले काही उमगत नाही, वडिलांना सवड नसते आणि आई 'अभ्यासाला बस' म्हणून चळत उचलून फळीवर ठेवते. परिणाम असा होतो, की ज्या एका गोष्टीत वडीलधाऱ्यांच्या अनुभवाचा मुलाला खरोखर उपयोग झाला असता, तिच्यात ते मूल अगदी एकटे पडते. ती गोष्ट म्हणजे खऱ्याखोट्याची पारख.

गाण्याच्या मास्तराने या फंदात का पडावे, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे, की अस्सल आणि नक्कल यांतला फरक शिष्याच्या कानाला पटवून देणे, यावरच आम्हां मास्तरांचे पोट चालते. शिवाय संग्रहाचा छंद आपल्या घरांना नवा नाही. मागच्या पिढीने काड्यापेट्यांवरचे छाप आणि संस्थानांची तिकिटे जमवली. आम्ही च्युइंगगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे जमवली. फरक इतकाच, की आमच्या चित्रांना बाजारभाव नव्हता. आजच्या कार्डांना तो आहे, आणि जिथे भाव तिथे भामटा आलाच.

पोकेमॉनचा हा कार्डांचा खेळ जपानात १९९६ साली निघाला आणि १९९९ मध्ये इंग्रजीत येऊन जगभर पसरला. त्यातली बहुतेक कार्डे साधी असतात; काही थोडी विरळ, आणि मोजकी फारच दुर्मिळ. या दुर्मिळ कार्डांना परदेशात लाखांनी पैसे मोजणारे लोक आहेत. साहजिकच त्यांच्या नकलाही निघाल्या, आणि त्या आज मोठ्या शहरांपुरत्या राहिलेल्या नाहीत.

माझी धाकटी बहीण बालाघाट जिल्ह्यात परसवाड्याला दिलेली आहे. तालुक्याचे लहान गाव. गेल्या दिवाळीत तिच्याकडे गेलो, तेव्हा भाच्याने आपली चळत माझ्यापुढे पसरली. निम्म्याहून अधिक कार्डे सोन्याच्या वर्खासारखी झळकत होती. सगळी स्टेशनरीच्या दुकानातून, वीस-वीस रुपयांच्या पाकिटांतून आलेली. एवढ्यावर भागले असते तर मी हसून सोडून दिले असते. पण एका मोठ्या मुलाने त्याला चारिझार्डचे 'जुने, अस्सल' कार्ड आठशे रुपयांना देऊ केले होते, आणि पोराने राखीची ओवाळणी नि खाऊचे पैसे मिळून सहाशे साठवलेही होते. उरलेले दोनशे मामाकडून सुटतील, असा हिशेब.

"मामा, खरं आहे ना हे?" त्याने विचारले.

"त्याची पाठ पाहिलीस का?" मी विचारले.

"पाठीवर काय असतं? सगळ्यांची सारखीच असते!"

मला वाटते, या एका उत्तरात नकली मालाचा सारा धंदा सामावलेला आहे. सगळ्यांची पाठ सारखी असते, म्हणून ती कोणी पाहत नाही. आणि कोणी पाहत नाही, म्हणून नक्कल करणारा तिच्यावर मेहनत घेत नाही.

माझे वडील वाड्यावरचे गवई. संस्थान विलीन झाल्यावरही दसऱ्याची आणि गणपतीची त्यांची हजेरी तिथे चुकली नाही. कोणी नवा तंबोरा दाखवायला आणला, की आणणारा माणूस आधी पुढची नक्षी दाखवी, वेलबुट्टी दाखवी. वडील त्याला "वा" म्हणत आणि तंबोरा उलटा करून भोपळ्याची पाठ पाहत. मग सांधे, मग घोडी, आणि सर्वांत शेवटी नक्षी. मिरजेचा म्हणून विकला जाणारा प्रत्येक तंबोरा काही मिरजेचा नसतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच कारणाने मोलाचे. पण मानांकनाचा कागदही वाचणाऱ्यालाच उपयोगी. कार्डाचेही तसेच आहे. तेव्हा भाच्याला जे दाखवले, तेच इथे क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट पाकिटाची. इंग्रजी कार्डांच्या नेहमीच्या खऱ्या पाकिटात दहा खेळाची कार्डे असतात, आणि त्यांतली बहुतेक साधी निघतात, चमकणारे एखाद-दुसरे. ज्या पाकिटातले प्रत्येक कार्ड सोनेरी, प्रत्येक प्राणी राजा, ते पाकीट खोटे समजावे. मैफलीत प्रत्येक आवर्तनाला टाळी मागणारा गवई जसा आपोआप ओळखू येतो, तसेच हे. किंमतही बोलते. खऱ्या पाकिटाला शेकड्यांनी रुपये पडतात. वीस रुपयांत ते मिळत नाही.

दुसरी गोष्ट पाठीची. यासाठी घरात एक तरी खात्रीचे कार्ड हवे. ते दुर्मिळ असण्याची गरज नाही. भरवशाच्या दुकानातून घेतलेले अगदी साधेही चालेल. तंबोरा लावताना जसा आधी एक पक्का षड्ज लागतो, तसे हे कार्ड. संशयित कार्ड त्याच्या शेजारी पालथे ठेवावे. नकलेचा निळा रंग बहुधा फिका किंवा जांभळट उतरतो, कडेची पट्टी एका बाजूला जाड नि दुसरीकडे बारीक होते, मधल्या चेंडूच्या रेषा पुसट दिसतात. मात्र जपानी कार्डांची पाठ मुळातच वेगळी असते; म्हणून जपानी कार्ड जपानीशीच ताडून पाहावे.

तिसरी गोष्ट अक्षराची. नकली कार्डात अक्षरांचे वळण जाड किंवा बारीक होते, शब्दांतले अंतर बिघडते, 'पोकेमॉन' या इंग्रजी नावातल्या 'ई' या अक्षरावरची तिरपी रेघ गळून पडते. खाली कोपऱ्यात क्रमांक असतो. पहिल्या इंग्रजी संचातल्या चारिझार्डवर १०२ पैकी ४ असा आकडा आहे. गोल खूण म्हणजे साधे, चौकटीची खूण म्हणजे थोडे विरळ, तारा म्हणजे दुर्मिळ. क्रमांक एका प्राण्याचा नि चित्र दुसऱ्याचे, असे कित्येक नकली कार्डांवर आढळते.

चौथी गोष्ट भिंगाची. घड्याळजी डोळ्याला लावतो तसले भिंग पुरेसे आहे. खऱ्या कार्डावर रंग ठिपक्यांनी भरलेला दिसतो, पण काळी अक्षरे आणि रेषा सलग, भरीव असतात. कारण काळी शाई वेगळी छापलेली असते. नक्कल करणारा तयार कार्डाचा फोटो घेऊन छापतो. त्यामुळे त्याची अक्षरेसुद्धा ठिपक्यांची होतात आणि कडा पिसारतात.

पाचवी गोष्ट उजेडाची. खऱ्या कार्डात कागदाच्या दोन थरांमध्ये एक गडद थर असतो. कडेने निरखून पाहिले तर तो बारीक रेघेसारखा दिसतो, आणि मागून टॉर्च धरली तर उजेड फारसा पार येत नाही. बरीच नकली कार्डे कंदिलाच्या कागदासारखी उजळतात. पण एवढ्या एका परीक्षेवर निकाल देऊ नये. नक्कल करणारेही हुशार झाले आहेत. आणि कार्ड फाडून आतला थर पाहण्याची जी रीत मुले सांगतात, ती तर सोडूनच द्यावी.

सहावी गोष्ट बोटांची. नव्या, पूर्ण चित्राच्या दुर्मिळ कार्डांवर बोटाला जाणवतील अशा बारीक उठावाच्या रेषा असतात. नकलेत चमक असते. पण उठाव बहुधा नसतो, किंवा असला तर चित्राशी त्याचा मेळ बसत नाही.

फोनवरून खरेदी करणाऱ्यांनी आणखी एक करावे. विकणाऱ्याकडून पाठीचा आणि कडेचा फोटो मागावा, आणि कार्डाशेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगावी. जो टाळाटाळ करील, त्याला नमस्कार करावा.

यावर कोणी म्हणेल, की आता तर कार्डे तपासून, अंक देऊन प्लास्टिकच्या पेटीत बंद करून देणाऱ्या कंपन्या आहेत. मग ही खटपट कशाला? त्या पेट्यांचीही नक्कल होते, हे पहिले उत्तर. पेटीवरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीत ताडून पाहता येतो. पण खरा क्रमांक उतरवून घेणेही कठीण नाही, म्हणून नोंदीत फोटो असेल तर तोही जुळवावा. दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची कार्डे निघाली. त्यांतले होनस वॅग्नर या खेळाडूचे एक कार्ड २००७ साली २८ लाख डॉलरला गेले. १९९१ मध्ये एका नामांकित परीक्षक कंपनीने अंक दिलेले हे पहिलेच कार्ड. दहापैकी आठ अंक. पुढे २०१३ मध्ये बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्याने न्यायालयात कबूल केले, की त्या कार्डाच्या कडा आपण कापून नीट केल्या होत्या. पोकेमॉनचीच गोष्ट घ्या. जानेवारी २०२२ मध्ये लोगन पॉल या प्रसिद्ध गृहस्थांनी ३५ लाख डॉलरला घेतलेली, जाणत्यांनी खरी ठरवलेली, मोहोरबंद खोकी उघडली, तर आत पोकेमॉनऐवजी जी. आय. जो नावाच्या खेळण्याची कार्डे निघाली! प्रशस्तिपत्र हा पुरावा खरा. पण तो डोळ्यांच्या ऐवजी नव्हे, डोळ्यांच्या जोडीला.

ही नजर केवळ मुलांच्या खेळापुरती नाही, हेही जुन्या घरांनी ध्यानात घ्यावे. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या नि पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्याची चित्रे आपल्यांतल्या कित्येकांच्या देवघरात आहेत. आज त्यांना भाव आला आहे, आणि नव्या छपाईच्या नकलाही 'जुन्या' म्हणून विकल्या जातात. दगडावरून छापलेल्या मूळ चित्रात भिंगाखाली हाताने भरलेले, कमीजास्त आकाराचे ठिपके दिसतात. आजच्या छपाईत ते यंत्राने आखल्यासारखे एका शिस्तीत उभे असतात. म्हणजे नातवाच्या कार्डासाठी आणलेले भिंग आजोबांच्या लक्ष्मीलाही लागू पडते.

"दहा-वीस रुपयांचे खेळणे ते! मुलाला आनंद होतो ना? मग बिघडले काय?" हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. खेळणे म्हणून घेतले, तर त्या मुलाचे काही बिघडले नाही. दुकानदाराचे मात्र बिघडू शकते. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याप्रमाणे खोटे व्यापारचिन्ह लावलेला माल विकणे हा गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. लहान गावातल्या बहुतेक दुकानदारांना हे ठाऊकही नसते. घाऊक बाजारातून जे येते ते ते विकतात. गाहकाने विचारायला सुरुवात केली, तरच तेही पुढे विचारू लागतील.

पण माझी खरी चिंता निराळी आहे. भाच्याने आठशेचे ते कार्ड मागून आणले, आम्ही दोघांनी मिळून तपासले. पाठ जांभळट, अक्षरे ठिपक्यांची, टॉर्चचा उजेड आरपार. सहाशे रुपये वाचले. मग त्याने आपली चळत तपासली, आणि त्यातली जवळजवळ सगळी सोनेरी कार्डे खोटी ठरली. थोडा वेळ तो गप्प बसला आणि म्हणाला, "मामा, वर्गातल्या कोणाला हे कळत नाही. आता यांच्या बदल्यात त्यांची खरी घेतली तर?"

खोटे ओळखण्याची विद्या शिकवताना तिच्यातली ही दुसरी धार विसरून चालत नाही. ज्याला नक्कल ओळखता येते, त्यालाच ती खपवताही येते. तोपर्यंत फसणारा असलेला मुलगा त्या एका क्षणी फसवणारा होऊ शकतो, आणि तेही अपराधी न वाटता. कारण 'मलाही कोणीतरी फसवलेच की!' ही सबब त्याच्या हाताशी असते. सारा खोटा बाजार या एका सबबीवर उभा आहे. मी त्याला रागावलो नाही. पेन हाती दिले आणि प्रत्येक खोट्या कार्डाच्या पाठीवर 'नकली' असे लिहायला सांगितले. थोडी कुरकुर झाली. पण लिहून झाल्यावर तीच कार्डे घेऊन तो शेजारच्या मुलांशी खुशाल खेळत बसला. खेळायला नकली कार्ड पुरते. अदलाबदलीला आणि विक्रीला ते चालत नाही, एवढाच नियम.

म्हणून माझे मागणे लहानसे आहे. मुलाची चळत फळीवर ठेवण्याआधी एकदा तिच्यासमोर बसा. एक खात्रीचे साधे कार्ड, एक भिंग आणि अर्धा तास, एवढाच खर्च. कार्ड उलटे करून पाहायची सवय ज्या मुलाला लागली, ते पुढे घर घेताना, औषध घेताना, कोणाच्या थोरवीवर विश्वास ठेवतानाही आधी पाठ पाहील. आणि पाठ पाहून खोटे निघाले, तर ते दुसऱ्याच्या गळ्यात न मारता त्यावर तसे लिहून ठेवील. आपल्या घराण्यांनी पुढच्या पिढीला देण्याजोगे आता फारसे वतन उरलेले नाही. ही सवय तेवढी देता येण्यासारखी आहे.