चिमणी पाडली, पुढे काय?

१५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी काही क्षणांत जमीनदोस्त झाली आणि सोलापूरचे क्षितिज बदलले. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला तिचा अडथळा होता. चिमणीच्या या वादाला शेजारच्या शहराशी असलेल्या चढाओढीचीही धार होती. कर्नाटकातल्या कलबुर्गीचा विमानतळ नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला, मग सोलापूर मागे का, असा सवाल उठला. ही ईर्षा गैर नाही. मात्र शहराचा मोठेपणा आभाळात काय दिसते यावरून नव्हे, तर आसपासच्या तालुक्यांच्या पदरात काय पडते यावरून ठरावा. चिमणी विनापरवाना होती, सुरक्षेशी तडजोड नको, हा आक्षेप रास्तच आहे. तरीही चिमणी पाडल्याची झळ कारखान्याला ऊस घालणाऱ्या अक्कलकोटच्या उत्पादकालाही बसली आणि विमान उडायला जून २०२५ उजाडला. आधी गोवा, मग मुंबई.

आता विमानाचा लाभ तरी अक्कलकोटच्या पदरात पडावा. तिथल्या वटवृक्ष मंदिरात महाराष्ट्राबरोबरच कर्नाटकातले भाविकही येतात. त्यांना सोलापूर मोठे की कलबुर्गी, याच्याशी देणेघेणे नसते. विमानाच्या वेळेला जोडून होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून थेट अक्कलकोटची एसटी सुटावी, ही मागणी तालुक्याच्या लोकप्रतिनिधींनी आता लावून धरावी.