एक मिनिट मोजायला सरकारला किती वर्षे हवीत?

मेळघाटात पावसाळी बालमृत्यूंची बोंब उठली की मंत्रालयातून ठरलेली वरात निघते. समिती जाते, पाहणी होते, अहवाल येतो आणि अहवालातले आरोपीही ठरलेलेच असतात: अडाणी आई आणि तापल्या विळ्याने पोराच्या पोटावर चटके देणारा भूमका, म्हणजे गावचा वैदू. चटके देणे हे क्रौर्यच आहे, त्याची आम्ही तरफदारी करणार नाही. पण न्यूमोनियाने धापा टाकणाऱ्या नातवाला घेऊन आजी भूमकाच्या दारात जाते तेव्हा आरोग्य उपकेंद्राला कुलूप का असते, हे कोणी विचारायचे? आजीवर गुन्हा नोंदवायला फौजदार तत्पर. डॉक्टरचे पद रिकामे ठेवणाऱ्या साहेबाला साधी नोटीससुद्धा नाही!

न्यूमोनिया म्हणजे काही आकाशातून कोसळणारी कुऱ्हाड नव्हे. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या पू आणि पाण्याने भरतात, रक्ताला प्राणवायू पुरेनासा होतो आणि बाळ भराभर श्वास घेऊ लागते. तो श्वास मोजता येतो. बाळ शांत असताना पोटाकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजायचे. खोकला आहे आणि दोन महिन्यांपुढच्या, वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास ५० किंवा त्याहून जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा त्याहून जास्त भरला, तर तो न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. दोन महिन्यांच्या आतल्या तान्ह्याचा ६० झाला, किंवा कोणत्याही वयाचे मूल अंगावर पिईना, निपचित पडले, ओठ निळे झाले, तर एक घटकाही न दवडता ऑक्सिजन असलेले रुग्णालय गाठायचे. बाकीच्यांना पाण्यात विरघळणारी अमॉक्सिसिलिनची गोळी, दिवसातून दोनदा, पाच दिवस. यात कुठे सुपर स्पेशालिटी लागते?

आणि हे सांगायला जिनिव्हाच्या जागतिक आरोग्य संघटनेतून कोणी यायची गरज नव्हती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आरोग्यदूत आणि गावच्या सुइणी यांच्या हाती हेच काम दिले. अंक न येणाऱ्या बाईसाठी त्यांनी मण्यांचे आणि वाळूच्या घड्याळाचे श्वासमापक बनवले. तेव्हाचे औषध को-ट्रायमोक्साझोल, साधे तोंडाने द्यायचे. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी. उपचार मिळालेल्या शंभर रुग्णांत एकही पुरता दगावत नव्हता. शेजारच्या गावांत तेरा-चौदा जात होते. निरक्षर सुईण जे करून दाखवते ते पदवीधरांनी भरलेल्या खात्याला का जमू नये? ज्या आशाताईंच्या खांद्यावर आज हा भार आहे, त्यांना मानधनासाठी आझाद मैदानात ठिय्या द्यावा लागतो. लाज कुणाला वाटायची?

केंद्र सरकारने २०१९ मध्ये ‘सांस’ मोहीम काढली. २०२५ पर्यंत हजार जिवंत जन्मांमागे न्यूमोनियाचे बालमृत्यू तीनच्या खाली आणण्याचा संकल्प सोडला. न्यूमोकॉकसविरोधी लस २०२१ पासून देशभर मोफत आहे: दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना, नवव्या महिन्याला. चांगले झाले; पण लस पाड्यावर आपोआप चालत जात नाही.

१२ नोव्हेंबर हा जागतिक न्यूमोनिया दिन. मंत्र्यांच्या छायाचित्रांचे फलक छापले जातील. आम्हाला ते फलक नकोत. त्या कागदावर एवढेच छापा: कोणत्या उपकेंद्रात अमॉक्सिसिलिन संपलेले आहे आणि कधीपासून, कोणत्या ग्रामीण रुग्णालयातला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा आहे, आणि त्याची मागणी कोणत्या अधिकाऱ्याच्या टेबलावर सहीविना पडून आहे. नावानिशी छापा, आणि तो कागद त्या आजीच्या गावात चावडीवर डकवा.